आधी मी पोचायचो, मग शहर

मी एक जुना जेसीबी आहे. चाकणजवळ रस्त्याच्या कडेला एका टपरीमागे पडून आहे. माझी पुढची चाकं कुणीतरी काढून नेली. बकेटमध्ये पाणी साचून डास झाले आहेत. मित्रांनो, माझी दया येऊ देऊ नका.

रोहिदासशेठनी पिंपळे सौदागरची वडिलोपार्जित जमीन बिल्डरला दिली आणि मला घेतलं. त्यांच्या आईनं, सुभद्राबाईंनी माझी पूजा केली. दुसऱ्याच दिवशी मी त्यांची विहीर बुजवली आणि ज्वारीच्या रानात सोसायटीचे पाये खोदले. मला चालवायचे फारूकभाई. जमिनीतला पाण्याचा पाइप न फोडता ते शेजारची माती अलगद उचलायचे.

कासारवाडीत आम्ही स्टेशनजवळचं बंद वर्कशॉप पाडलं. तिथं दुकानं आणि बँक आली. हिंजवडीला भाताची खाचरं सपाट केली; तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. शहर बाहेर सरकत होतं आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्याआधी मी पोचायचो. "काय काम हाय, राव," असं म्हणत लोक थांबून बघायचे. मला अभिमान वाटायचा.

सुभद्राबाईंना सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये करमेना. शेठनी चाकणच्या पलीकडे दोन एकर रान घेतलं होतं, तिथं त्या एकट्या राहायला गेल्या. पत्र्याचं घर, तीन शेळ्या आणि कांदा. काही वर्षांनी कारखाने तिथवर आले आणि त्या रानाला गोदामासाठी गिऱ्हाईक मिळालं. रान शेठच्याच नावावर होतं, पण आई घर सोडेना.

"एकदा उठले," त्या म्हणाल्या. "आता न्हाई उठायची."

शेठ वाद घालत बसले नाहीत. आठवड्यानं गाडी घेऊन आले. "आई, चार दिस फ्लॅटवर चल. डोळं तपासून आणू."

मी शेजारच्याच प्लॉटवर काम करत होतो. सुभद्राबाईंनी जाताना फारूकभाईंना हाक मारली. "शेळ्यांकडं बघ रं बाबा. सोमवारी येते मी."

गाडी गेली. तासाभरात शेठचा फोन आला की घर आजच काढायचं.

"शेठ, आई सोमवारी येणार आहेत," फारूकभाई म्हणाले.

"म्हणूनच आज."

फारूकभाईंनी भांडी आणि खाट बाहेर आणून बाभळीखाली ठेवली, शेळ्या तिथंच बांधल्या. मग चावी फिरवली. पत्रा, भिंत, चूल, सगळं गेलं. गाठ धरलेला कांदा मी मातीसकट उलथला. खोटं कशाला सांगू, मला जड गेलं नाही. त्या घराला माझी अर्धी ताकदही लागली नाही.

सोमवारी सुभद्राबाई एकट्याच बसनं आल्या. रानाभोवती पत्र्याचं कुंपण होतं. आपण चुकीच्या थांब्यावर उतरलो, असं त्यांना वाटलं असावं. दाराशी नवा वॉचमन होता. त्याला त्यांनी विचारलं, "सुभद्राबाईचं घर कुठं हाय?"

"इथं घर नव्हतं, आजी. प्लॉट आहे हा."

फारूकभाई केबिनमधून उतरले. "आई, मी पाडलं."

सुभद्राबाईंनी विचारलं, "शेळ्या?"

"शेठनी विकल्या."

"त्यानंच सांगितलं व्हय पाडायला?"

उत्तराची वाट न बघता त्या खाली मातीत बसल्या आणि संध्याकाळी शेठची गाडी येईपर्यंत तिथंच बसून राहिल्या. गाडी आली तेव्हा फारूकभाईंनी माझी चावी शेठच्या हातात दिली आणि काम सोडलं. शेठनी नवं यंत्र घेतलं. सुभद्राबाई आता नवव्या मजल्यावर राहतात. शेठ पाहुण्यांना सांगतात, आईला काही कमी नाही.

मित्रांनो, शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशात शेत हिरवं असतं आणि वस्ती पिवळी. मोठेपणी तुमच्यातलं कुणी हिरव्यावर पिवळा रंग फिरवेल. त्याआधी तिथं जा. कोण राहतं ते विचारा. ते 'नाही' म्हणाले, तर ऐका. मी आपणहून थांबत नाही. मला थांबवावं लागतं.