पाणमांजराची परीक्षा

आत्याने तिचं नाव पांजरपोळ ठेवलं होतं आणि त्यात आत्याची काही चूक नव्हती. सातव्या वर्षी पोरीने बाबांच्या हेल्मेटात बेडूक पाळला. बाबांची नि त्याची पहिली भेट चालत्या स्कूटरवर झाली. पुढे ती शिकली, वन्यजीव केंद्रात नोकरीला लागली, तेव्हा घरचे म्हणाले, सुटलो, आता सरकारी खर्चाने लाड करील.

नेमकं तेच तिला मना होतं. आईवेगळं पाणमांजराचं पिल्लू हाती आलं, तेव्हा नियम असा, की तोंड झाकायचं, बोलायचं नाही, कुरवाळायचं तर नावच नको. माणसाला सोकावलेलं जनावर नदीत सोडता येत नाही. ते दिसेल त्या होडीत जाऊन बसतं. दहा महिने पांजरपोळ मुकी राहिली. अपवाद एकच. पिल्लाला न्यूमोनिया झाला त्या आठवड्यात ती त्याला मांडीवर घेऊन दिवस दिवस बोलत बसली. हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि आज परीक्षा होती.

ज्याने वाढवलं त्याने उघड्या तोंडाने पिंजऱ्यात जाऊन हाक मारायची. पाणमांजर पळालं तर नदी. जवळ आलं तर जन्मभर पिंजरा आणि शाळांच्या सहली.

डबा द्यायला आलेली आई जाळीला नाक लावून उभी होती. "एवढं वाढवलंस, आणि आता त्याने ओळख दाखवू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलीस?"

"हो."

"मग आधी त्याला तुझ्या दादाची शिकवणी लावायचीस. लग्न झाल्यापासून तो त्यात तरबेज आहे."

ती आत गेली. हाक मारली. हौदातून डोकं वर आलं, आणि पाणमांजर सरळ तिच्याकडे निघालं. तिचं काळीज पार पायात गेलं. त्याने पायच हुंगला, घोट्याला कडकडून चावलं आणि ते पाण्यात उडी मारून पलीकडच्या बिळात गडप झालं.

जाळीबाहेर उभ्या केंद्राच्या साहेबांच्या फॉर्मवर चौकोन दोनच. "जवळ आलं," ते म्हणाले.

"चावायला आलं, साहेब. मग पळालं."

"आधी आलं ना पण? शिवाय मुलांना आवडेल हो ते."

साहेबांचं पेन चौकोनावर टेकत होतं. ती म्हणाली, "साहेब, आजारपणात मी त्याला आठवडाभर मांडीवर घेतलं होतं. बोलत होते. माझा आवाज त्याला पाठ आहे. तरी चावलं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे लेखी द्यावं लागेल. मेमो निघेल."

"निघू दे."

साहेबांनी तिच्या रक्ताळलेल्या मोज्याकडे पाहिलं, 'पळालं'वर खूण केली आणि मेमोसाठी लगेच दुसरा कागद ओढला; आजचं काम उद्यावर टाकणारे नव्हते ते.

आई खाली बसून तिचा घोटा पुसत होती. "मेल्याने चार दात रुतवलेत."

"पाच," पांजरपोळ म्हणाली, पोराचे मार्क कोणी कमी सांगितल्यासारखी.