अर्ध्या बोटाचा उतार

भावोजी जाऊन सोळा दिवस झाले होते, आणि त्या घरातल्या सासू-सुना अजून एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मेकॅनिक कुणाच्या तरी गच्चीवर हवा गार-गरम करायच्या मशीनचा पंखा पुसत बसला होता, तेव्हा ताईचा फोन आला. तो पन्नाशीला टेकला होता, पण ताईच्या तोंडी अजून चिमण्याच. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि ती बारा. तेव्हापासून त्याचं तापलेलं कपाळ, फाटलेली चड्डी, नापास झालेला गणिताचा पेपर, सगळं तिच्याच पदरात पडत आलं होतं.

"चिमण्या, सवड काढून मशीन बघून जा रे. सासूबाईंचं डोकं धरतंय रोज सकाळी. मळमळतंय म्हणतात."

"तुला म्हणाल्या?"

"मला कशाला म्हणतील? भिंतीला म्हणाल्या. भिंतीनं मला सांगितलं."

एरवी तो हसला असता. हातातलं फडकं तसंच राहिलं. "झोपतात कुठे त्या?"

"ह्यांच्या खोलीत. लेकाच्या पलंगावरच निजायचं म्हणतात. मी कोण नको म्हणणारी? मशीन तेवढं पहाटे लावते, ऊब यावी म्हणून."

"ताई, त्यांना तिथून उठव. बाहेर उन्हात बसव. आणि मशीन बंद कर, आत्ता, मी फोनवर आहे तोवर."

"अरे, हाडं गोठतील म्हातारीची."

"बंद कर म्हणतो ना!"

ताईवर तो आयुष्यात ओरडला नव्हता. बटण दाबल्याचा आवाज त्यानं ऐकला, मगच जिना उतरला.

गाडी चालवताना त्याला ती दुपार आठवत होती. त्यानं पाहिली नव्हती, पण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती की पाहिल्यासारखीच झाली होती. झटक्यानं भावोजींची उजवी बाजू गेली, तेव्हापासून दोन वर्षं ते त्या लहान खोलीत पडून होते. त्या दुपारी ते ताईला म्हणाले, डोकं जड झालंय, जरा खिडकी उघड. बाहेर कडाक्याची थंडी, त्यांची छाती आधीच भरलेली. ताई म्हणाली, "आत्ता कुठे खोलीला ऊब आलीये. पडा जरा, बरं वाटेल." तिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं, दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. दिवेलागणीला उठवायला आली, तेव्हा उठवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. पण पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. "माझ्या लेकानं श्वास मागितला," त्या भेटायला येईल त्याला सांगत, "आणि हिनं दार लावून घेतलं." ताई समोरच उभी असायची, हातात पाण्याचे पेले घेऊन. एकदाही तिनं उलट शब्द काढला नाही. मेकॅनिकला तेच कुरतडत होतं. तिला ते पटलेलं होतं.

मशीन त्यानंच बसवलं होतं, पाच हिवाळ्यांपूर्वी. मागच्या भिंतीला लागून काँक्रीटचा ओटा आणि त्यावर कपाट आडवं ठेवावं एवढी लोखंडी पेटी. एका पेटीत दोन ऋतू. उन्हाळ्यात ती हवा गार करायची, हिवाळ्यात आतल्या गॅसच्या ज्योतींवर तापवायची, आणि पत्र्याच्या रुंद नळीतून खोल्याखोल्यांतल्या जाळ्यांवाटे आत सोडायची. भावोजी तेव्हा हिंडतेफिरते होते. कमरेवर हात ठेवून ते म्हणाले होते, "बायको तुमच्या घरची, आता हवासुद्धा तुमच्याच घरची! मी काय इथं भाडेकरू?" आणि ताईनं दारात उभ्या उभ्या ओवी जुळवली होती. तिला ती खोड लहानपणापासूनच.

लोखंडाच्या पेटीमधी भाऊ भरतो उन्हाळा,
माझ्या उंबऱ्याशी बाई, थांबे बाहेर हिवाळा.

त्या दिवशी तिनं एकच गोष्ट मागितली. गार हवा करताना पेटीच्या पोटात पाणी सुटतं, ते एका बाजूच्या तोंडातून बाहेर पडतं. ती बाजू नेमकी मागच्या दारातून कपड्यांच्या दोरीकडे जाणाऱ्या वाटेवर येत होती. "इथं शेवाळ धरेल रे. सासूबाईंचा पाय घसरला तर? हाड मोडलं तर त्यांचं, आणि बोलणी जन्मभर मला. पाणी तिकडून काढ ना, मागून."

तिकडून काढता येत नसतं. पेटीचा उतार बनवणाऱ्यानं ठरवलेला असतो, तो बदलायचा नसतो. परक्या गिऱ्हाइकाला त्यानं तोंडावर सांगितलं असतं, बाई, जमणार नाही, दुसरा माणूस बघा. पण मागणारी ताई होती. त्यानं वाटेकडच्या बाजूखाली अर्धं बोट जाडीची रबराची पट्टी सरकवली, पाण्याला उलटा उतार दिला, आणि मागच्या पत्र्याला ड्रिलनं एक भोक पाडून तिथून नळी काढली. पाणी गुमान मागं जाऊ लागलं. ताईनं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेसाठी तो पन्नास पेट्या तिरक्या करायला तयार झाला असता.

दरवर्षी थंडीच्या तोंडावर तो मशीन बघायला यायचा. गाळणी धुवायचा, पंख्याला तेल घालायचा, मशीन चालू करून जाळीपाशी हात धरायचा. परक्याच्या घरी तो याहूनही जास्त करायचा. ज्योतींपुढचा पत्रा उघडायचा, तापणाऱ्या नळ्या बॅटरीनं तपासायचा, घरातल्या प्रत्येक जाळीशी गॅस मोजायचं यंत्र धरायचा. ताईकडे तेवढ्यात आतून हाक यायची, "चहा निवतोय!" आणि तो हात पुसत आत जायचा. चहा व्हायचा, मग भावोजींच्या नकला, मग घरी न्यायचा डबा. तो पत्रा पाच वर्षांत एकदाही उघडला गेला नव्हता.

तो पोचला तेव्हा सासूबाई मागच्या अंगणात उन्हात खुर्चीवर होत्या, शाल डोक्यावरून घेतलेली. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दोघींमध्ये चार पावलांचं अंतर होतं आणि दोघी दोन दिशांना बघत होत्या.

"आले का भाऊराय," सासूबाई शालीच्या आतून म्हणाल्या. "बहिणीनं म्हातारीला थंडीत बसवून मारायचं ठरवलंय, तुम्ही खांदा द्यायला आलात वाटतं."

"मावशी, डोकं कसं आहे आता?"

"उतरलंय. बाहेर आल्यावर उतरलं. त्या खोलीत लेकाची आठवण छातीवर बसते, दुसरं काय."

 दोघींना तिथंच थांबायला सांगून तो आत गेला, भावोजींच्या खोलीचं दार लावलं, मशीन चालू केलं आणि जाळीसमोर गॅस मोजायचं यंत्र धरलं. पेटीतून निघालेली नळी सगळ्यांत आधी याच खोलीत उघडत होती. ऊब हवी म्हणून आजाऱ्याला हीच खोली दिली होती. थोडा वेळ आकडा शून्यावर होता. मग नऊ. मग चाळीस. मग यंत्र किंचाळायला लागलं. दीडशे ओलांडल्यावर त्यानं मशीन बंद केलं, खिडकी उघडली आणि तिच्या गजांना धरून उभा राहिला. हा अर्धवट जळलेल्या गॅसचा विषारी धूर नाकाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. मायेनं जवळ घेतल्यासारखा तो माणसाला गुंगवतो, आणि सोडत नाही.

बाहेर येऊन त्यानं गॅसचा कॉक फिरवला आणि पत्रा उघडला.

मागचं भोक धुळीनं आणि पानांच्या चोथ्यानं गच्च बुजलं होतं. पाच उन्हाळ्यांचं पाणी पेटीत तुंबलं, चढलं, आणि आडव्या पत्र्यावरून पलीकडे, ज्योतींच्या नळ्यांखाली जाऊन बसलं होतं. नळ्यांचे तळ वाळवी लागलेल्या लाकडासारखे झाले होते. त्यानं एकीला बोट लावलं, बोट आरपार गेलं. जी आग नळीत कोंडून ठेवायची, तिचा धूर या भोकांतून घरात जाणाऱ्या हवेत मिसळत होता.

तो ओट्याशी उकिडवा बसून राहिला. पत्रा पुन्हा लावता आला असता. मशीन जुनं झालं, गंजलं, बदलू, असं म्हणता आलं असतं. लोखंड गंजतंच. अर्ध्या बोटाचा उतार कोण मोजायला येणार होतं?

ताई जवळ येऊन बसली. डोळ्यांखाली काळं धरलं होतं, पायांत चप्पल नव्हती.

"एक विचारू, चिमण्या? श्वास कोंडतो तेव्हा माणसाला समजतं का रे?"

"का विचारतेस?"

"त्यांनी मला हाक मारली असेल का, ते रोज मनात येतं. मी चुलीपुढं गुणगुणत होते. मला ऐकू आलं नसेल. पाणी पिताना वाटतं, आपण पाणी का पितोय." ती पत्र्याच्या कडेवरची धूळ बोटानं पुसत होती. "सासूबाई बोलतात ते बरंच आहे. कुणीतरी बोलायला पाहिजे."

तो उठला. "चल. मावशींसमोर सांगायचंय."

सासूबाईंच्या खुर्चीपुढं तो जमिनीवर बसला आणि पहिल्यापासून सांगितलं. पाणी, पट्टी, उलटा उतार, भोक. दरवर्षी चहा पिऊन गेलो, पत्रा उघडला नाही. धूर पहिल्यांदा भावोजींच्या खोलीत जात होता. तुमचंही डोकं त्यानंच धरत होतं मावशी, आज दवाखान्यात रक्त तपासून घ्या. भावोजी हृदयानं नाही गेले. माझ्या कामानं गेले. बोलताना तो एकदाही थांबला नाही. थांबला असता तर पुढचं वाक्य निघालं नसतं.

ताई खाली बसली. 

 सासूबाईंचे ओठ काहीतरी पुटपुटत होते, हिशोब जुळत नसल्यासारखे. मग त्यांनी मान वळवली. सोळा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी सुनेकडे सरळ पाहिलं, आणि विचारलं मात्र त्याला.

"म्हणजे, हिनं खिडकी उघडली असती, तर वाचला असता."

ताईनंही त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तोच प्रश्न आधीपासून उभा होता.

उत्तर त्याला माहीत होतं. त्याच्या धंद्यात ते कुणालाही माहीत असतं. चार बोटं खिडकी उघडी असती, तर त्या एवढ्याशा खोलीत धूर साचलाच नसता. भावोजी संध्याकाळी चहासाठी आरडाओरडा करत बसले असते.

"नाही," तो म्हणाला.

"नाही कसं?"

"नाही मावशी. मशीन हवा फेकतं ती जोरानं. खिडकीची हवा तिच्यापुढं टिकत नाही. खिडकी उघडी असती तरी हेच झालं असतं. दार उघडं असतं तरीही. त्या खोलीत कुणी काहीही केलं असतं, तरी फरक पडला नसता."

"माझ्याकडे बघून सांग," ताई म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "फरक पडला नसता, ताई. ज्यानं बसवलं त्याच्याच हातात होतं ते."

एवढं धडधडीत खोटं तो कुठल्याच गिऱ्हाइकाशी बोलला नव्हता. ते बोलताना त्याचा आवाज आतापर्यंतच्या सगळ्या खऱ्यापेक्षा शांत होता.

सासूबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. तो मार खायच्या तयारीनं बसून राहिला. त्यांनी हात उचललाही, पण तो तसाच खाली आला. "चालता हो," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड दिसायला नको मला." मग त्या त्याला वळसा घालून ताईपाशी गेल्या. वाकता येत नव्हतं, म्हणून तिच्या खांद्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

"ऊठ. पाय बघ कसे निळे पडलेत. काहीतरी घाल पायात."

ताईच्या तोंडून तेव्हा जो आवाज निघाला, तो रडण्याचा होता असं म्हणवत नाही. सोळा दिवस दाबून धरलेलं काहीतरी फाटलं एवढंच. म्हातारी तिला धरून उभी होती आणि तिला धरता धरता स्वतःच कोसळत होती.

मेकॅनिक ओट्यापाशी गेला. त्यानं विजेच्या तारा सोडवल्या, गॅसची नळी तोडून तोंड बंद केलं, आणि पत्र्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, चालू करू नये. बोटं गंजानं तांबडी झाली होती. हातरुमालाला पुसली तरी निघेनात.

हत्यारांची पिशवी आत खोलीत राहिली होती. आत जावं की नाही, याचा विचार करत तो दाराशी उभा होता, तेवढ्यात ताईच ती घेऊन बाहेर आली. जड पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. तिनं ती त्याच्या पायाशी ठेवली. पायांत तिनं सासूबाईंचे लोकरी मोजे घातले होते.

तो नेहमीसारखा डबा मागेल असं तिला वाटलं की काय कोण जाणे, ती क्षणभर थांबली. त्यानं पिशवी उचलली.

"पुन्हा येऊ नकोस, चिमण्या."

त्यानं मान हलवली. मग राहवेना म्हणून विचारलं, "थंडीचं काय कराल? अजून दोन महिने आहेत. एखादी विजेची शेगडी तरी..."

"आम्ही दोघी बघू," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.