जाड वायर

"काका, या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या," डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "आतून बारीक झाल्यात. रक्त ढकलायला काकूंच्या हृदयाला फार जोर लागतोय. ते थकत चाललंय."

वायरमनला वेगळं समजवावं लागलं नाही. वायर जितकी बारीक आणि जितकी लांब, तितकी ती करंटला अडवते. जाड टाकली की वाट मोकळी. जन्मभर त्याने हेच तर केलं होतं.

"मग बदलायच्या," तो म्हणाला.

"त्या बदलता येत नाहीत हो. गोळ्या देऊ, घरी ऑक्सिजनचं मशीन लावू. मिळतील तेवढे दिवस."



मशीन आलं. बायकोला मागचीच खोली हवी होती. तिथल्या खिडकीतून तिच्या कुंड्या दिसायच्या. पण तिथे मशीन लावलं की दिवा मंदावायचा आणि मशीन कोकलायला लागायचं. मीटरपासून तिथवरची लांबलचक वायर त्याने कामांवर उरलेले बारीक तुकडे जोडून ओढली होती. एका दिव्याला ती पुरायची. मशीनचा भार तिला पेलेना.

"दिव्याखाली अंधार तो हाच," बायको धापा टाकत हसली. "गावभर उजेड, आणि घरात ठिगळं."

"बोल, बोल. आज तुझा दिवस आहे."

त्याने अखंड जाड वायर आणली आणि मीटरपासून उंबऱ्यांवरून, जमिनीवरूनच आत नेली. दिवा स्थिर झाला. मशीन गप्प झालं.

"आता भिंतीवर घेतो. पायात येईल."

"नको हो. भोकं पाडलीत की धूळ उडेल, मला खोकला सोसत नाही. जरा बरी झाले की करा."

"बरं."

तो तिच्या उशाशी बसला. मशीन सुरळीत चाललं होतं. तिची छाती मात्र तशीच भात्यासारखी हलत होती. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिथे त्याची पक्कड पोचणार नव्हती.

ती गेली. मशीन परत गेलं. लेक चार दिवस राहिली, आणि येता-जाता अडखळली.

"बाबा, ही वायर तेवढी वर घ्या. पडाल एखाद्या दिवशी."

"घेतो."

ड्रिल काढून दाराशी ठेवलं आहे. मागच्या खोलीत जाताना तो पाय उचलून टाकतो. वायर अजून भिंतीवर घ्यायची राहिली आहे.