न चालता हिरवा केलेला रस्ता

थकलो बापा या नकाशाले! मी जमीर, बोरी अरब गावाले मोटरसायकली दुरुस्त करतो. चार वर्षांपासून हा एक जास्तीचा ताप डोक्श्यावर घेऊन बसलो. आम्ही सात जणं मिळून मोबाईलवर पांदण रस्त्यांचा नकाशा चालवतो. ॲम्बुलन्सवाले तोच पाहून गाडी घालतात. गाडी जाते तं रस्ता हिरवा, नाई जात तं लाल. नियम एकच. एकानं रस्ता नकाशात टाकला का दुसऱ्यानं पायी जाऊन पाहाचा, मंगच हिरवा कराचा.

आमच्या सातातल्याच, तांड्यावरच्या पूनमसिंगनं दोनशे रस्ते टाकले, एकही खोटा नाई निघाला. गेल्या महिन्यात त्यानं स्वतःच्या तांड्याचा रस्ता टाकला, गाडी जाते म्हणून. दुकानात गिऱ्हाईक होतं, माहे घुटने दुखत होते. म्हटलं, पूनमसिंगचा रस्ता कायले पाहाचा? बसल्या जागी हिरवा केला.

मंगळवारी दुपारी त्याच रस्त्यावर ॲम्बुलन्स नाल्यात फसली. पूनमसिंगच्याच बायकोले, लालीबाईले, बाळंतपणाले आणाले गेलती. लोकायनं तिले बाजेवर घालून नाल्यापार आणलं, ट्रॅक्टरनं गाडी ओढली. पोरगी झाली, दोघी वाचल्या. अल्लाची मेहेरबानी!

मी तणतणत दवाखान्यात गेलो. "अबे, दोनशे रस्ते खरे टाकले अन् घरचाच खोटा? नाला दिसला नाई काय तुले?"

त्यानं मान वर नाई केली. "लाल दाखवला असता तं गाडी निघालीच नसती, जमीरभाई. तिचे दिवस भरत आलते. तरी वाटलं, तू पाहाले येशील, मले शिव्या देशील अन् लाल करशील. तू तं आलाच नाई."

मी मोबाईल उघडला. नकाशात त्या रस्त्याखाली लिहेल होतं, टाकला पूनमसिंगनं, पाह्यला जमीरनं. तो बायकोसाठी खोटा बोलला. मी कायसाठी बोललो? लय लाज वाटली.

आम्हा सात जणांच्या ग्रुपवर सारं खरं लिहून टाकलं, रस्ता लाल केला. तिघं जणं ग्रुप सोडून गेले.

काल त्याच ॲम्बुलन्सच्या ड्रायव्हरचा फोन आला. दुसऱ्या एका खेड्यात पेशंट होता.

"रस्ता हिरवा दिसून राह्यला, जमीरभाई. पण तू चालून पाह्यला काय?"

चार वर्षांत त्यानं हे कधी इचारलं नव्हतं. तो रस्ता मी दोनदा चाललो होतो, तसंच सांगतलं.

"बरं," तो म्हणाला, "मंग मी गावातल्या कोणाले इचारून घेतो," अन् फोन ठेवला.

मी खरं बोललो होतो. अन् तिकडं पेशंट ताटकळत होता.