नौपाड्यातली विलायत

आवडाबाईंनी कपाटाला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"आता तुझं काय ते त्या बॅगेत," त्या सुनेला म्हणाल्या. "आठ दिवस त्यावर राहून दाखव. घरात आठ दिवस निभलं नाही, तर तिकडं सहा महिने काय डोंबल निभणार?"

जयाने मान हलवली. बॅगेत तीन पातळं, चार पोलकी, दोन परकर आणि एक लोकरीचा कोट होता. ती ठाण्याच्या एका बालशाळेत शिकवायची आणि सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी तिची इंग्लंडला निवड झाली होती. गावोगावच्या शाळा पाहत हिंडायचं, तिथं हमाल मिळत नाही, तेव्हा आपल्याला उचलेल तेवढंच सामान आणा, असं आधी जाऊन आलेल्या एका बाईंनी तिला बजावलं होतं. तिचा नवरा त्र्यंबक "जा की" म्हणून मोकळा झाला होता. पण त्याच्या "जा की"ला नौपाड्यातल्या त्या दोन खोल्यांत फारसं वजन नव्हतं. चार वर्षांच्या रतनला सांभाळायचं होतं आवडाबाईंनी. त्यांनी हो म्हटलं नाही तर जायचं नाही, हे जयाने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

आवडाबाई नाहीही म्हणत नव्हत्या. त्या परीक्षा घेत होत्या. शिवाय त्यांची एक अट होती. नक्की होईपर्यंत बाहेर कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही.

दिवस चैत्राचे, अंगाची नुसती काहिली होत होती. पहिल्याच संध्याकाळी जया धुऊन खळ दिलेलं सुती पातळ अंगणात वाळत घालायला निघाली, तर आवडाबाई दारातच आडव्या आल्या.

"तिकडं कुठलं आलंय ऊन? घरात वाळव."

मग माजघरात दोरी बांधली. त्र्यंबक जेवायला बसला की वरून त्याच्या पाठीवर पाणी ठिबकायचं. तो जरा सरकून बसायचा आणि भात कालवायचा. सुती पातळ सकाळीही दमटच होतं, तेच नेसून जया शाळेत गेली. दुसऱ्या दिवशी तिने जांभळं जॉर्जेटचं काढलं. ते मात्र सावलीतही बघता बघता वाळलं. खळीचं पातळ प्रवासात म्हणजे गळ्यात लोढणं, हे तिच्या नीट ध्यानात आलं. मनातल्या मनात तिने परीक्षकबाईंचे आभार मानले, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. तिसऱ्या पातळावर रतनने सोलकढी सांडली आणि तो डाग काही केल्या निघेना. राहता राहिलं जांभळं. रोज धुवायचं, रोज नेसायचं.

"किल्ली देऊ?" आवडाबाई अधूनमधून विचारत.

"नको, आई."

संध्याकाळी रतनची वेणी घालताना मात्र जयाचे हात रेंगाळत. सहा महिन्यांत हे केस केवढे वाढतील, असं तिच्या मनात येई. मग ती रिबिनीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधे.

अशात शेजारच्या लक्ष्मीबाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. अर्धा नौपाडा जरीकाठात लोटला होता. जया जांभळ्या जॉर्जेटमध्ये सासूशेजारी जाऊन बसली.

"काय हो आवडाबाई," आंबेडाळ वाढता वाढता लक्ष्मीबाई म्हणाल्या, "मी बघतेय, सुनेच्या अंगावर रोज हेच पातळ. आज तरी तिला एखादं बरं काढून द्यायचं होतं."

"काढणार कसं? किल्ली सासूबाईंच्या कमरेला," मागून कुणीतरी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू, म्हणालं.

दोघीतिघी हसल्या. बाकीच्यांनी आवडाबाईंच्या कमरेकडे पाहिलं. किल्ली होतीच तिथं, चांगली चकचकीत.

आवडाबाईंचा चेहरा पडला. सासुरवास करणारी म्हणून आजवर त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. उलट इतरांच्या सासवांना त्याच नावं ठेवत आल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून पन्ह्याच्या पेल्यात बघत होती.

"अगं, सांग ना यांना," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"नक्की होईपर्यंत सांगायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात, आई," जया तितक्याच हळू म्हणाली. एका वाक्याचं काम होतं, पण ते वाक्य तिचं नव्हतं.

आवडाबाईंनी आंबेडाळीची ताटली खाली ठेवली.

"आमची जया विलायतेला चाललीय," त्या म्हणाल्या. "तिथल्या शाळा बघायला. सहा महिने तीन पातळांवर काढायचेत, म्हणून आतापासून सवय करतेय. मीच म्हटलं, घरी करून बघ."

"आणि रतन?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"रतनला काय झालं? मी आहे ना."

मग एकच गलका झाला. लक्ष्मीबाईंनी ओल्या हरभऱ्यांनी जयाची ओटी दुसऱ्यांदा भरली. तिकडच्या हवेची चौकशी सुरू झाली आणि ठाण्याच्या खाडीपलीकडे क्वचितच गेलेल्या आवडाबाई उत्तरं देऊ लागल्या. तिकडं ऊन नसतं, कपडे घरातच वाळवावे लागतात, जॉर्जेटच बरं, खळीचं काही उपयोगाचं नाही. जया हसू दाबून ऐकत राहिली.

"पण तिकडं गेलेली माणसं तिकडचीच होतात हो," निघताना एक बाई म्हणाली. "आमच्या नात्यातला उत्तम दोन वर्षांसाठी म्हणून गेला, तो अजून यायचाय."

आवडाबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. घरी येईपर्यंत तो तिथंच होता.

घरी आल्यावर त्यांनी किल्ली काढून कपाट उघडलं.

"आई, अजून आठ दिवस झाले नाहीत," जया म्हणाली.

"गप्प बस."

बॅगेतलं खळीचं पातळ त्यांनी बाहेर काढलं आणि त्या जागी कपाटातलं हिरवं जॉर्जेट नीट घडी घालून ठेवलं. डागाळलेलं काढून तिथं एक छापील ठेवलं. पातळं तीनची तीनच राहिली. मग कपाटातल्या राहिलेल्या पातळांवरून हात फिरवला, लग्नातल्या शालूच्या घडीत डांबराची गोळी सारली, दार लावलं आणि कुलूप घातलं. दोनदा ओढून पाहिलं.

"बाकीची इथं माझ्यापाशी राहतील," त्या कुलपाकडे बघतच म्हणाल्या. "परत आलीस की माझ्याकडे किल्ली माग. दुसऱ्या कुणाला मी ती द्यायची नाही."

"मागेन, आई," एवढंच ती म्हणाली. मग बॅगेतलं हिरवं नेसून तिने जांभळं धुतलं आणि माजघरातल्या दोरीवर टाकलं.

त्र्यंबक जेवायला आला तेव्हा त्याचा पाट नेहमीच्या जागी नव्हता. आवडाबाईंनीच तो भिंतीकडे सरकवून ठेवला होता.

"इकडं बस," त्या म्हणाल्या. "तिथं ठिबकतं."