मेलेल्या अर्जुनाची नवी ओवी

शेळकेमाळावर त्या रविवारी एवढी माणसं लोटली होती, की मेंढरांना चरायला जायची वाट मिळेना. शिराळ्याहून जीप आल्या होत्या. कुपवाडच्या कारखान्यांतली पोरं सुट्टी साधून मोटरसायकलवर तिघं-तिघं बसून आली होती. निम्म्यांच्या अंगात एकच टी-शर्ट. छातीवर अर्जुना गावड्याचा फेटेवाला फोटो आणि पाठीवर 'दादा अमर हैत'. सगळ्यांचे हात वर आणि प्रत्येक हातात मोबाईल. नमस्काराला एकाचाही हात मोकळा नव्हता.

अर्जुना गावडे म्हणजे धनगरी ओवीचा वाघ. तो जाऊन वर्ष झालं होतं. आणि आता दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी बरोबर बाराला, तो समाधीवरून नवी ओवी गात होता! कॅलेंडरात सुट्टी बघून येणारा आत्मा या माळानं पहिल्यांदाच पाहिला.

समाधीवर स्पीकर होता. त्याला हार घातलेला, वर भंडारा उधळलेला. दोन महिन्यांपूर्वी कडेगावच्या एका भक्तानं त्याच्यावर तांब्याभर दूध ओतलं आणि आत्मा फुर्रफुर्र करून बंद पडला. तेव्हापासून स्पीकरला प्लास्टिकची पिशवी असायची आणि शेजारी पाटी असायची, 'अभिषेक लांबून करावा'.

बाराच्या ठोक्याला जयराज आला. वर्षापूर्वी हाच गडी कुपवाडात डीजेच्या मिक्सरवर बसून वराती नाचवायचा. आता अंगात भगवा झब्बा, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात माळ. हा 'अर्जुनादादा भक्त परिवारा'चा संस्थापक, अध्यक्ष आणि आत्म्याचा अधिकृत प्रवक्ता.

"भावांनो, भगिनींनो," त्यानं माईक तोंडात घातला, "पितृलोकाचा टॉवर आज फुल रेंज देतोय! दादांची फ्रिक्वेन्सी माझ्या बेंबीत उतरतेय! लाईक म्हणजे दादांना वाहिलेलं फूल. शेअर म्हणजे नैवेद्य. सबस्क्राईब केलंत की दीक्षा मिळाली! आणि घंटा वाजवा! देवळातली नव्हं, मोबाईलमधली!"

मग स्पीकर खरखरला आणि अर्जुना गायला लागला. तोच खर्ज, तोच फाटक्या काठाचा आवाज. बायका ओक्साबोक्शी रडायला लागल्या. शिराळ्याचा ऋषिराज, ज्यानं दंडावर दादांचं तोंड गोंदून घेतलं होतं, तो एका हातानं रील काढत लोटांगण घालायला लागला.

गर्दीच्या कडेला बाभळीखाली धुळा बसला होता. तीस वर्षं तो अर्जुनाचा झीलकरी होता. ओवी गाणारा ओळ टाकतो आणि मागचे गडी तिचं शेपूट धरून घोळवतात, ती झील. तेवढ्यात गाणारा दम घेतो. अर्जुनाला विडीचा नाद, त्यामुळं दोन ओळींवर त्याचा भाता फुटायचा आणि धुळा त्याला सांभाळून घ्यायचा. दिवाळीनंतर धुळा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला गेला होता. चार महिन्यांनी परवाच माघारी आला, तो हे त्रांगडं ऐकायला.

आल्या आल्या त्याला आणखी एक गोष्ट कळली होती, आणि ती त्याच्या काळजाला लागली होती. अर्जुनाची लेक राणी गायची थांबली होती.

राणी बापाच्या मांडीवर ओवी शिकली. बिरोबाची अख्खी ओवी, दोन दिवस पुरणारी, कागदावर कुठंच नव्हती. ती अर्जुनाच्या डोक्यात होती आणि आता फक्त राणीच्या डोक्यात उरली होती. यंदाच्या जत्रेत तिनं पहिल्यांदा म्होरं बसून गायचं ठरलं होतं. तेवढ्यात आत्म्यानंच एका रविवारी फर्मान सोडलं, की लेकीनं गायचं नाही. झालं! भक्त परिवार तिच्यावर तुटून पडला. तिच्या जुन्या व्हिडिओखाली ऋषिराजनं लिहिलं होतं, 'बापाची आज्ञा मोडशील तर चपलीनं मारू'. हे म्हणे दादांचे भक्त. पोरगी गप्प झाली ती झालीच.

धुळा कान देऊन ऐकत होता. पहिलं खटकलं ते हे, की अर्जुना चार-चार ओळी एका दमात ओढत होता. मेल्यावर विडी सुटली असेल, असं धुळानं मनाला समजावलं. पण मग मागून झील आली आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. तो उठला आणि माणसं ढकलत थेट माईकपाशी गेला.

"ए थांबीव रं ते! आवं, मागं झील धरतोय त्यो मी हाय! ह्यो आवाज माजा हाय!"

"अर्जुना सोरगात हाय न्हवं? मग मी तितं कसा? मी तर हितं हाय, सकाळी दोन भाकरी खाऊन आलोय!"

जयराजनं चष्मा सावरला. डीजेवाला गडी तो, गाणं अडकलं तर दुसरं कसं लावायचं हे त्याला ठाऊक.

"चमत्कार!" तो किंचाळला. "भावांनो, कळलं का? धुळाकाका झोपलं, की त्यांचा आत्मा वर जातो, दादांना झील देतो आणि उजाडायच्या आत माघारी येतो! काका, तुमी साधे न्हाईत. तुमी जिवंत आत्मा हायसा!"

"आरं, भाड्या—" एवढंच धुळाला बोलता आलं. पुढच्या क्षणी शंभर माणसं त्याच्या पायांवर पडली. बायकांनी त्याला भंडारा फासला. कुणी घोंगड्याची दशी उपटली, ती दुसऱ्यानं प्रसाद म्हणून वाटून घेतली. सत्य सांगायला गेलेला माणूस देव होऊन घरी आला, घोंगड्याला ही मोठी भोकं पाडून!

बायको दगडाबाईनं त्याला नखशिखांत न्याहाळलं. "तुमचा आत्मा सोरगात जातोय म्हनं. मग रातभर घरात घोरतंय ते कोन?"

धुळाला त्याही अवस्थेत हसू फुटलं. पण राणीचं तोंड आठवलं आणि हसू तिथंच विरलं. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. तिथं संयोगिता मॅडम विज्ञान शिकवायच्या. कडेगावच्या बागायतदाराची लेक, बोलायला फटकळ.

"काका, मी पहिल्या रविवारपासून घसा फोडून सांगतेय," त्या म्हणाल्या. "यंत्राला एखाद्याचं तासभराचं गाणं चारायचं. मग आपण शब्द द्यायचे, यंत्र त्याच आवाजात गातं. याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात."

"आन् समाधीम्होरं लोळत्यात ती?"

"तो नैसर्गिक बिनडोकपणा."

"पर माजा आवाज त्यात गेला कसा?"

"गेल्या जत्रेचं रेकॉर्डिंग जयराजनंच केलं होतं ना? तेच त्यानं चारलं असणार. यंत्राला गाणं कळत नाही, काका. म्होरला कोण, मागला कोण, हेही कळत नाही. सगळं एकत्र खाल्लं आणि रवंथ करून बाहेर काढलं."

"गेल्या जत्रंला झील धरायला मी एकटा नव्हतो, मॅडम," तो हळूच म्हणाला. "राणीबी व्हती."

दोघं तडक राणीच्या घरी गेली. ती लोकर पिंजत होती. विषय काढताच तिनं मान फिरवली. "बा नगं म्हनला, काका. त्येचा शबुद मोडाय सांगू नगा."

"मोडू नगं. नुसतं ऐक. बापाकडं ध्यान दिऊ नगं, मागची झील ऐक."

मॅडमनी तिच्या कानात इअरफोन घातला आणि ती आज्ञेची ओवी लावली.

*राणी माझी लेक गा, तिनं ओवी न्हाई गायाची*
*माझ्या मागं गादी गा, जयराजानं चालवायाची*

आणि मागून झील, एक म्हातारा गळा आणि एक कोवळा, 'न्हाई गायाची, न्हाई गायाची'. राणीच्या हातातली लोकर खाली पडली.

"ही तर मी हाय," ती म्हणाली. "काका, ही मी हाय! मी असलं कवा म्हनलं? माज्याच तोंडानं मलाच गप बसीवलं व्हय त्या मुडद्या जयराजनं!" आणि चार महिन्यांचं साचलेलं रडू असं बाहेर पडलं, की मॅडमनाही आवरेना.

रडून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. "मॅडम, तुमच्या यंत्राला कुनाचाबी आवाज चालतोय? जयराजचाबी?"

"त्याचे तर तासन् तास लाईव्ह पडलेत. पण राणी, दुसऱ्याचा आवाज असा वापरणं चांगलं नाही. वापरला, तर हे यंत्राचं काम आहे असं तिथल्या तिथं सांगायचं."

"सांगू की. आवाज त्येचा, ओवी माजी. लिवून घ्या."

जत्रेचा दिवस उजाडला. बिरोबाच्या देवळापुढं ढोल वाजत होते, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं जयराजचा स्पीकर वाजत होता. मंचावर जिवंत आत्मा म्हणून धुळाला खुर्ची होती. जयराजनं पितृलोकाची रेंज तपासायला सुरुवात केली, तसा धुळा उठला आणि माईक हातात घेतला.

"मंडळी, काल झोपंत मी वर गेलतो. तितं एक नवी ओवी मिळाली. मॅडमच्या मोबाईलमधी उतरवून आनलीया. लावायची का?"

"लावा! लावा!" पाच हजार माणसं ओरडली. जयराजचा चेहरा पडला. पण नाही कसं म्हणणार? धुळाचा आत्मा वर जातो, हे त्यानंच माईकवर सांगितलं होतं. मॅडमनी मोबाईल जोडला आणि स्पीकर खड्या आवाजात गायला लागला. आवाज जयराजचा! तोच घोगरेपणा, शब्द ओढायची तीच लकब.

*जयराज माझं नाव गा, कुपवाड माझं गाव*
*मेलेल्याच्या गळ्यावर मीच खातो भाव*
*सोरगात न्हाई टावर गा, आत्म्याला न्हाई फोन*
*यंत्रात घातला आवाज, मला इचारतंय कोन!*

लोक एकदा स्पीकरकडं बघत, एकदा जयराजच्या मिटल्या तोंडाकडं. ऋषिराजचा मोबाईल हवेतच राहिला.

"बंद करा!" जयराजनं चष्मा फेकला. "खोटं हाय हे! मी गायलोच न्हाई! माझा आवाज चोरलाय! ह्यांनी मशीनवर बनवलंय! आजकाल कुणाचाबी आवाज मशीनवर काढता येतो, भावांनो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका!"

एवढं बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते.

"व्हय, मशीनवरच केलंय," धुळा शांतपणे म्हणाला. "मॅडमनी केलंय, काल दुपारी, शाळंत. तू मरायच्या आधीच तुजा आत्मा गायला बग. मग अर्जुनाचा कसा गायला, ते आता तूच सांग की."

जयराज मंचाच्या मागं सरकू लागला. आपला मोबाईल जोडताना मॅडमनी स्पीकरला लावलेला त्याचा मोबाईल काढून आधीच ऋषिराजच्या हातात दिला होता. त्यात पुढच्या सहा रविवारांच्या ओव्या तारखा टाकून तयार होत्या. आत्म्याला दिवाळीपर्यंतचं सगळं पाठ!

मग माळावर जो दंगा उसळला, त्यात जयराज मंचाच्या मागून पळाला तो पोलीस पाटलाच्या हाती लागला. पोरं त्याच्यावर धावून गेली तेव्हा मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाही. तक्रार करायची. आणि त्याला मोठा कुणी केला, तेही जरा आठवायचं."

ऋषिराज तिथंच मातीत बसला. डोळे लाल. "काका, मग मी एवढं रडलो ते काय व्हतं वो? ते बी खोटं?"

"न्हाई लेका. रडनं तुजं व्हतं, ते खरं. पर दादासाठी रडनाऱ्यानं त्येच्या लेकीला चपलीनं मारू म्हनावं?" ऋषिराजनं मान खाली घातली.

तोवर राणी मंचावर चढली होती. तिनं माईक हातात घेतला.

"आईबापांनो, माजा बा मला हातानं घास भरवत ओवी शिकवायचा. मी चुकले, की हसायचा. त्योच बा मेल्यावर मला गाऊ नगं म्हनला, आन् तुमी पाच हजार मानसांनी मान डोलवली. एकानंबी इचारलं न्हाई, की बाप लेकीला असं का म्हनंल? मीबी इचारलं न्हाई. आवाज ओळखीचा हाय, म्हनून डोकं गहान टाकलं. उद्या तुमच्या फोनवर तुमच्या पोराचा आवाज यील, आईचा यील, देवाचाबी यील. ऐका, पर तपासा. ह्यो असं का म्हनंल, आन् ह्यात फायदा कुनाचा, एवढं तरी इचारा. इचारल्यानं खरा आत्मा बाटत न्हाई, आन् खरा देव रुसत न्हाई."

बऱ्याच जणांनी वर धरलेले मोबाईल खाली घेतले. राणीनं माईक बाजूला ठेवला, धुळाकाकाला मागं बसवलं, कानावर हात ठेवला आणि बिरोबाच्या ओवीची पहिली ओळ टाकली.