नानांच्या नावाचं पान

हेमांगीला एवढंच पाहायचं होतं, की ज्या पानाकडे कुठूनही वाट जात नाही, ते गूगलला सापडतं का.

जळगावच्या ऑफिसात ती एका छोट्या बातम्यांच्या साइटचं काम बघायची. चाचणीसाठी असं नाव हवं होतं, जे इंटरनेटवर आधी कुठेच नाही. पिंपळनेरला राहणाऱ्या आजोबांच्या, नानांच्या नावाइतकं कोरं नाव दुसरं कुठलं? वना चिंधा बोरसे. तयार साचा हाताशी होता तो निधनवार्तेचा. तिने त्यात नाव घातलं, दशक्रियेचा वार तसाच राहू दिला. साइटवर त्या पानाची एकही लिंक दिली नाही, फक्त गूगलकडे जाणाऱ्या पत्त्यांच्या यादीत ते घातलं आणि चहाला गेली. अकलेचे तारे तोडायला शिक्षण काही आडवं येत नाही.

दुसऱ्या दिवशी पान शोधात दिसलं आणि ती खूश झाली. आता ते काढून टाकायचं एवढंच उरलं होतं, तोच साइटच्या नंबरवर फोन आला.

"वना चिंधा मन्हा बाप शे," पलीकडचा माणूस म्हणाला. "मी सुकदेव. घरना नंबर मन्हाजवळ नही, तुम्हीच निरोप द्या. तापीवर डोकाना केस उतारी टाकात, आते सुरतहून निंघनू. मी येवालोंग पिंड ठेवू नका म्हना."

फोन कटला. सुकदेव म्हणजे हेमांगीचा मामा. आजी गेली तेव्हा त्याला कुणी वेळेत कळवलं नव्हतं. तो पोहोचला तेव्हा राखही सावडून झाली होती. तो दारातूनच परत फिरला आणि पुन्हा त्या घराचं नाव त्याने काढलं नाही, असं सगळे सांगत.

नाव काढलं नाही? त्या पानाकडे कुठूनच वाट नव्हती. जो स्वतः 'वना चिंधा बोरसे' लिहून शोधेल, त्यालाच ते दिसणार होतं. म्हणजे हा रुसलेला माणूस सुरतेत बसून बापाचं नाव शोधत होता. पुन्हा उशीर होऊ नये म्हणून.

तिने पान पुसलं. शोधात मात्र ते ढिम्म हललं नाही. गूगल पुन्हा फेरी मारेल तेव्हा जाईल, असं ती गिऱ्हाइकांना नेहमी सांगायची. आज स्वतःला सांगवेना.

धुळ्याच्या बसमध्ये तिने मामाचा नंबर कितीदा तरी काढला. खरं सांगितलं तर तो अर्ध्या वाटेवरून परत फिरेल आणि बापाच्या मरणाची थट्टा केली म्हणून जन्मात तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर मुंडण केलेला मुलगा जिवंत बापासमोर उभा राहील. धुळ्यात गाडी बदलली, साक्री मागे पडली, तरी तिला धीर झाला नाही. ती भ्यालेली होती आणि मामा यावा असंही तिला वाटत होतं.

नाना ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. तिने रडत रडत सगळं सांगितलं. कॉम्प्युटरचं त्यांना किती कळलं कोण जाणे.

"सुकदेवनी मन्हं नाव शोधं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"हो, नाना."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. सुकदेव उतरला, गुळगुळीत डोक्याचा, सुजल्या डोळ्यांचा. बापाच्या हातात शेंग बघून तो जागीच थबकला. चेहरा आधी उजळला, मग लालबुंद झाला.

"कोनी करी ही मस्करी?"

हेमांगीने तोंड उघडलं, पण नाना आधी बोलले.

"मी. मन्हा डोकावर कावया बठना व्हता. मीच सांगं पोरले, मरानी खोटी खबर धाडी दे."

डोक्यावर कावळा बसला तर मरणाची खोटी खबर धाडायची. ती ऐकून कुणी रडलं म्हणजे आलेलं मरण टळतं. ही चाल सुकदेवला लहानपणापासून ठाऊक होती.

"आनि मालेच कसाले धाडी?" त्याचा आवाज चिरकला.

"ती खबर जवयना मानूसलेच धाडतस," नाना म्हणाले. "दुसरं कोन रडई?"

सुकदेव पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा हमसून रडू लागला. नानांनी आपली टोपी काढली, त्याच्या उघड्या डोक्यावर ठेवली आणि बराच वेळ हात तिथेच राहू दिला.

"मरन टयनं," ते म्हणाले. "आते घरमा चाल."